औषध न मारलेली ब्रोकोली

कोबीचा वास मला आवडत नाही, हे लग्नानंतर कितीतरी वर्षं मी कुणाला बोलले नव्हते. माझं माहेर वडगावचं, विणकरांचं. आमच्या घराला सुताचा आणि खळीचा वास असायचा. लग्न होऊन आले ती बेळगावच्या उत्तरेला, काळ्या जमिनीच्या गावात. इथं पाऊस सरला की ज्याच्या-त्याच्या रानात कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा. काढणीच्या दिवसांत अंगणात पाल्याचा ढीग पडायचा आणि त्याच्यावर ऊन आलं की असा वास सुटायचा, की ताटावर बसवत नसे. पण ज्या पिकावर घर चालतं, त्याला सुनेनं नाव कसं ठेवायचं? मी पदर नाकाला लावायचे आणि घाम पुसल्यासारखं करायचे.

पुढं मी गावातल्या मराठी शाळेत शिक्षिका झाले. नवरा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर होता, ओतकामासाठी काळ्या मातीचे साचे करायचा. सकाळी रान, मग मोटारसायकलवरून फौंड्री, संध्याकाळी परत रान, असा त्याचा दिवस. मुलगी शिकून पुण्याला गेली आणि तिकडचीच झाली. आम्ही दोघं राहिलो, आणि आमच्या बांधाला बांध लागून जिचं रान होतं ती शेजारीण. माझ्याहून बरीच लहान. मला आक्का म्हणायची आणि माझ्या नवऱ्याला दाजी. तिचा नवरा भाजीचा टेंपो घेऊन गोव्याला जायचा, त्यामुळं ती निम्मा दिवस आमच्याच घरात असायची.

ब्रोकोली आमच्या रानात आली ती गोव्यामुळं. तिकडच्या हॉटेलांना हवी असते म्हणून व्यापाऱ्यानं एका वर्षी तिचं तरू, म्हणजे लावणीची रोपं, आणून दिलं. आम्ही तिला हिरवा फ्लॉवरच म्हणायचो. घरात कुणी ती खाल्ली नाही. क्रेटमध्ये न बसणारे गड्डे म्हशीपुढं टाकायचो.

मग एका सकाळी आंघोळ करताना डाव्या छातीवर माझ्या बोटांना काहीतरी लागलं. चिंचोक्यासारखं, चपटं आणि कडक. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून मी शाळेत गेले, मुलांचे पाढे घेतले, आणि दुपारच्या सुट्टीत मुख्याध्यापकांना सांगून एकटीच बेळगावच्या मोठ्या दवाखान्याची बस धरली. पुढं तपासण्या झाल्या. शेवटच्या तपासणीचा निकाल घ्यायला नवरा बरोबर होता. डॉक्टरांनी आधी ऑपरेशन, मग केमो असं सगळं नीट समजावून सांगितलं. तो मान हलवत राहिला. आम्ही घरी आलो. दारात गाडी लावून तो तसाच गाडीवर बसून राहिला.

"आता काय करायचं सांग," तो म्हणाला.

"डॉक्टर सांगतील ते."

"ते डॉक्टर करतील. मी काय करू?"

मला तेव्हा स्वतःचंच भय इतकं होतं, की त्याच्या भयाला जागा नव्हती.

उत्तर त्याला फौंड्रीत सापडलं. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. ब्रोकोलीत असं एक द्रव्य असतं की ते या आजाराच्या पेशी मारतं. त्या संध्याकाळी तो घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. चहा न घेता रानात गेला आणि तिथं उभा राहून नुसता बघत राहिला. "सगळी गोव्याला पाठवली," म्हणाला, "आन् आपुन म्हशीला घातली."

ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यात आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंकडं आम्हाला पाठवलं. त्या कन्नड वळणाचं मराठी बोलायच्या, सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखं. नवऱ्यानं बसल्या बसल्या पहिला प्रश्न ब्रोकोलीचाच विचारला.

"बरोबर ऐकलंय तुम्ही, अण्णा," त्या म्हणाल्या. "ब्रोकोली, कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही सगळी एका कुळातली. किड्यांपासून वाचायला ही झाडं आपल्या अंगात दोन पदार्थ वेगवेगळे सांभाळून ठेवतात. पान चिरलं, चावलं, की ते दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि त्यातून सल्फोराफेन नावाचं तिखटसर द्रव्य होतं. त्याच्यावर खूप अभ्यास चाललाय. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, पेशींवर त्याचा परिणाम दिसतो. पण माणसाच्या अंगातला हा आजार त्यानं बरा होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. भाजी म्हणून जरूर खाऊ द्या. उपचार म्हणून नको."

"कच्ची द्यायची का शिजवून?" नवऱ्यानं विचारलं.

"केमोत कच्चं काही नको. चिरून थोडा वेळ तशीच ठेवा, मग हलकी वाफ द्या. फार शिजवली तर ते द्रव्य तयारच होत नाही. वरून थोडी मोहरी कुटून घातली तर बरं. मोहरीत तेच काम करणारा पदार्थ असतो."

"मोहरी तर घरातच हाय!" तो माझ्याकडं वळून म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

त्या बाई पुढंही बोलल्या. जे जाईल ते खायचं, थोडं थोडं खायचं, वजन उतरू द्यायचं नाही. मी शाळेत जन्म घालवलाय. समोरचं पोर वाक्याचा कुठला तुकडा उचलतंय आणि कुठला खाली ठेवतंय, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळतं. नवऱ्यानं काय उचललं ते मला तिथंच दिसलं.

त्या हंगामात त्यानं वरच्या सबंध तुकड्यात ब्रोकोली लावली. आमच्याकडं फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. बाकीच्या रानात त्यानं नेहमीसारखं औषध मारलं, पण वरच्या तुकड्यात पंप नेलाच नाही. अळी पडली. पानांची चाळण झाली. फौंड्रीला जायच्या आधी तो एकेका झाडापुढं उकिडवा बसून बोटांनी अळ्या वेचायचा.

शेजारीण बांधावरनं हसायची. "दाजी, अळ्या पाळल्यात काय?"

"पाळल्यात," तो म्हणायचा. "हेच्यावर औषध मारायचं न्हाय. हेच औषध हाय."

ज्या माणसानं आयुष्यात कधी स्वतःच्या हातानं चहा केला नव्हता, तो आता चुलीपाशी उभा राहायला लागला. गड्डा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, बारीक चिरायचा, वर ताट झाकायचा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत थांबायचा. मग इडलीच्या पात्रात वाफ. मग खलबत्त्यात मोहरी कुटायची. फौंड्रीच्या काळ्या मातीनं त्याच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या होत्या. त्या बोटांनी तो ती हिरवी फुलं बशीत लावून आणायचा, नैवेद्यासारखी.

केमो काय असतं ते मी इथं फार लिहीत नाही. तोंडात पितळेची वाटी धरून ठेवल्यासारखी चव असायची, दिवसभर. पाणीसुद्धा जड लागायचं. आणि अशात घरात वाफेवर ब्रोकोली ठेवली की तोच जुना वास, पाल्याच्या ढिगाचा, पण आता तिप्पट. पूर्वी नाकाला पदर लावून भागायचं. आता पात्राचं झाकण निघालं की माझ्या पोटातून उसळून यायचं.

"अहो, मला जात नाही हे," मी एकदा म्हणाले.

"जात न्हाय म्हणून कसं चालंल?"

"त्या बाई म्हणाल्या होत्या, जे जाईल ते खा."

"दोन फुलं खा. दोनच. माझ्यासाठनं खा."

मी खाल्ली. बाहेर जाऊन ओकले. तो पाणी घेऊन माझ्या मागं उभा होता. मी तोंड धुतलं आणि आत येऊन बघते तर तो परत चिरायला बसलेला.

शेजारीण अधूनमधून आंबील घेऊन यायची. जोंधळ्याची, ताक घालून पातळ केलेली. ती मात्र गारेगार घशाखाली उतरायची. एकदा नवऱ्यानं ते बघितलं आणि तिच्यावर खेकसला, "पोटात जागा हाय म्हणून ही घालतीस, मग ब्रोकोली कुठं जायाची?" तिनं रिकामा तांब्या उचलला आणि गेली. दुसऱ्या दिवशी तो फौंड्रीला गेल्याची खात्री करून परत आंबील घेऊन आली. माझ्या डोक्यावर तेव्हा एक केस नव्हता. तिनं माझ्या डोक्याला खोबरेल लावलं आणि लावता लावता विचारलं, "आक्का, लई तरास हुतोय न्हवं?" मी म्हटलं, वैऱ्यावर येऊ नये असा होतोय. असं कुणीही म्हणेल. ती ऐकत होती.

केमो संपलं. तपासणीत काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, सध्या सगळं ठीक आहे, गोळ्या चालू ठेवा, तपासायला येत राहा. नवऱ्यानं दवाखान्याच्या पायरीवरच माझा हात धरला. आमच्या पिढीत असं कुणी चारचौघांत करत नाही.

"बघितलंस?" तो म्हणाला. "गुण आला."

"उपचारानं आला."

"त्ये उपचार सगळ्यास्नी देतात. सगळी बरी हुतात काय?"

माझ्या शेजारच्या खाटेवर उपचार घेतलेली खानापूरकडची बाई तोपर्यंत गेली होती.

पुढच्या हंगामात आमचा वरचा तुकडा गावभर माहीत झाला. कुणाला साखर, कुणाला संधिवात, कुणाला नुसती भीती. ज्यानं मागितली त्याला नवरा ब्रोकोली द्यायचा, आणि चिरून थांबायचं कसं, वाफ किती द्यायची, मोहरी कधी घालायची, हे सगळं सांगायचा. फुकट द्यायचा. माझ्याकडं बोट दाखवायचा. माझे केस परत येत होते, आधीपेक्षा कुरळे. बायका ते हात लावून बघायच्या. शेजारीण रोज एक गड्डा न्यायची. मला वाटायचं, नवऱ्याच्या डब्याला नेते.

उन्हाळा लागायच्या सुमाराला ती एका दुपारी आली. शाळेला सुट्टी होती. मी सोप्यात बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. तिनं दार लोटून घेतलं.

"आक्का, तुमास्नी एक दावायचं हाय."

तिनं पोलक्याची बटणं काढली. मी बघितलं आणि माझ्या हातातला कपडा तसाच राहिला. नुसती गाठ नव्हती. कातडी ओढली जाऊन फुटली होती. तिनं त्याच्यावर हळद लावली होती.

"कधीपासनं गं हे?"

"तुमचं केस उगवाय लागलते, तवापासनं."

"आणि दवाखान्यात गेली नाहीस? मला बोलली नाहीस?"

"तुमचं हाल बघितलंते मी, आक्का. मी भिलो." ती खाली बघून बोलत होती. "दाजी म्हणालते, ब्रोकोलीनं गुण आला. म्हटलं, आपुन आधीच खावं. तेवढं सगळं कशाला करून घ्यायाचं? रोज खातो की. चिरून ठेवतो, वाफ देतो, मोहरी घालतो. एक दिस चुकीवला न्हाय."

मी तिला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. माझेच डॉक्टर. त्यांनी तपासलं, मग मला बाहेर बोलावून विचारलं, "ह्या इतके दिवस कुठं होत्या?" मी खरं ते सांगितलं. चांगला माणूस होता, रागावला नाही. एवढंच म्हणाला, की सुरुवातीला आल्या असत्या तर करण्यासारखं पुष्कळ होतं. उपचार सुरू केले, पण आजार यकृतापर्यंत पोचला होता.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. त्यानं घास ताटात ठेवला.

"मी तिला दवाखान्यात जाऊ नको असं कधी म्हणालतो?"

"नाही म्हणालात."

"मग?"

"मग काही नाही."

तो हात धुऊन उठला. त्यानंतर त्यानं गावात कुणाला ब्रोकोलीचं सांगितलं नाही. पण गोष्ट तिथं थांबली नाही. शेजारणीच्या नवऱ्यानं टेंपो बंद ठेवला आणि तो रोज सकाळी आमच्या दारात यायला लागला. त्याला कुणावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो हात जोडून विचारायचा, "दाजी, हाय का अजून? आज थोडी जास्त द्या. तिला आता कमी पडत असंल."

नवऱ्यानं पहिल्या दिवशी त्याला समजावायचा प्रयत्न केला. "त्येनं काय हुत न्हाय रं. डॉक्टर सांगतील तसं कर."

"आक्कास्नी झाला की गुण!" तो म्हणाला. त्याचे डोळे माझ्यावर होते. मी धडधाकट उंबऱ्यात उभी होते. मी आत निघून गेले.

वरच्या तुकड्यात हंगाम सरलेला होता, उरलेल्या झाडांना बाजूचे बारके फुटवे तेवढे येत होते. नवरा रोज ते खुडून त्याच्या पिशवीत टाकायचा. द्यावं तर खोटं, न द्यावं तर त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. एकदा तो देऊन परत आला आणि मोरीत बराच वेळ हात धूत बसला. मी म्हटलं, पाणी संपेल. तो म्हणाला, "वास जात न्हाय."

ती गेली तेव्हा पाऊस सुरू व्हायचा होता. शेवटी शेवटी तिला काहीच जात नव्हतं. मी आंबील करून नेली होती. तिनं ओठाला लावली आणि माझ्या समाधानासाठी गिळल्यासारखं केलं. ते मला ओळखता आलं. मी स्वतः तेच केलं होतं, कितीतरी दिवस. तिच्या नवऱ्यानं चुलीवर ब्रोकोली वाफवायला ठेवलेली होती. घरभर तोच वास होता, आणि त्या वासात ती गेली.

तिच्या मातीनंतर नवरा महिनाभर वरच्या तुकड्याकडं फिरकला नाही. झाडांना फुलं आली. ब्रोकोलीला तशीच सोडली की पिवळीधमक फुलं येतात, मोहरीसारखी, लांबून कुणालाही छान वाटतील अशी. गावातली पोरं तिथं फोटो काढायला जायला लागली. मग त्यानं एक दिवस ट्रॅक्टर सांगून सगळं नांगरून घेतलं.

माझी पाठ दुखायला लागली ती त्याच पावसात. मी आधी खुर्चीवर ढकललं, मग वयावर. तपासणीत मणक्यात दिसलं. डॉक्टरांनी या वेळीही नीट समजावलं, पण त्यांच्या वाक्यांत 'बरं' हा शब्द कुठं नव्हता. 'आटोक्यात ठेवू' असं म्हणाले. नवऱ्यानं एकही प्रश्न विचारला नाही. कच्ची का शिजवून, काही नाही. भिंतीवर शरीराच्या आतल्या भागांचं एक चित्र होतं, त्याकडं तो बघत होता.

मला वाटलं होतं, तो आता परत चुलीपाशी जाईल. मी मनाची तयारी करून ठेवली होती, की या वेळी वास आला तरी बोलायचं नाही. पण घरात ब्रोकोली आली नाही. तो डाळभात करतो, मऊ, आणि माझ्यासमोर ठेवून बाहेर जाऊन बसतो. मी खाल्लं की नाही तेही विचारत नाही. फौंड्री त्यानं सोडली. रानात कोबी लावलाय, त्याच्यावर इतरांसारखंच वेळेवर औषध मारतो. कधी कधी मला वाटतं, त्यानं बशी घेऊन यावं, दोनच फुलं खा म्हणावं. मग माझं मलाच कळत नाही, हे मी मागते आहे ते काय.

गेल्या खेपेला इंजेक्शनसाठी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. नर्स आली, तिनं माझा दंड चाचपला आणि नेहमीसारखं विचारलं, "ऊटा आतेन्री?" मी जेवण झालं म्हटलं. पलीकडं लोंढ्याकडचा एक माणूस बायकोला घेऊन बसला होता. पहिल्यांदाच आलेला. बायकोच्या हातात घट्ट धरलेली पिशवी, दोघांचेही डोळे मोठे झालेले. तो सरकत सरकत माझ्या नवऱ्याजवळ आला.

"काय खायाला घालतासा तुमी हेंस्नी?"

"जे जातंय ते."

"ब्रोकोली लई चांगली म्हणत्यात. मोबाईलवर बघितलं मी. तुमी दिलती काय?"

"दिलती," नवरा म्हणाला. "भाजी म्हणून चांगली हाय. चांगलीच हाय. पर डॉक्टर सांगतील त्यातलं एक बी चुकवू नका. एक बी."

त्या माणसानं मान हलवली. मग हळूच, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण जाईल असं विचारलं, "मग आला न्हवं गुण, वहिनीस्नी?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला काय उत्तर द्यावं ते मी डोळ्यांनी सांगू शकले असते. पण मलाच माहीत नव्हतं.

"न्हाय," तो म्हणाला.

लोंढ्याच्या माणसाचा चेहरा उतरला. तो आपल्या जागेवर परत गेला आणि बायकोच्या शेजारी बसला. ती त्याला विचारत होती, काय म्हणाले ते, आणि तो काही सांगत नव्हता. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. नवऱ्यानं माझी फाईल घेतली, दुसऱ्या हातानं मला उठवलं, आणि आम्ही आत गेलो.